यंत्र उसने, बोली आपली

प्रस्तावना

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि बंजारा या भाषा शेजारी शेजारी बोलल्या जातात. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथल्या सिमेंट कारखान्यांमुळे हिंदीही आता गावातलीच झाली आहे. पण या तालुक्यातल्या माणसाच्या हातातला फोन या सगळ्या भाषांना सारखे ओळखत नाही. हिंदी त्याला चांगली कळते, पुस्तकी मराठी बऱ्यापैकी कळते, पऱ्हाटीच्या बोंडाबद्दल वऱ्हाडी वळणाने विचारले तर तो अडखळतो आणि कोलामीपुढे गप्प बसतो. ही दरी कशी कमी करता येईल आणि त्यातले कोणते काम इथल्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला, ग्रामसेवकाला खर्चाशिवाय करता येईल, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. आधीच तयार असलेले भाषा-मॉडेल घ्यायचे, इंटरनेटवर मोफत मिळणाऱ्या संगणकावर ते चढवायचे आणि आपल्या कामाच्या, आपल्या बोलीच्या मजकुरावर त्याला पुढचे शिक्षण द्यायचे. या पुढच्या शिक्षणालाच फाइन-ट्यूनिंग म्हणतात.

या प्रस्तावनेत मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. संगणकाची शक्ती आज फुकट मिळते. मिळत नाही तो विश्वासाचा मजकूर, आणि तो कोरपन्यातच तयार होऊ शकतो. म्हणून या कामात कष्टांचा मोठा वाटा यंत्रावर नव्हे, वाक्यांवर खर्च व्हायला हवा.

या भागाला हे काम नवे नाही. कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्याचा भाग होता आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. त्याच आदिलाबादेत मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. तिथल्या गोंड शाळांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते. त्यांनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतली आणि १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९५५ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचे कोलामीवरचे पुस्तक आले. या सर्वांची पद्धत एकच होती. बोलणाऱ्यांजवळ बसायचे, वाक्य उतरवून घ्यायचे, ते परत वाचून दाखवायचे आणि चूक निघाली की दुरुस्त करायची. पुढच्या प्रकरणांत यंत्राविषयी कितीही सांगितले असले तरी या पुस्तिकेचा गाभा तीच पद्धत आहे.

आता यंत्राकडे वळू. भाषा-मॉडेल म्हणजे अब्जावधी आकड्यांचा एक संच. आधीचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायला त्याला शिकवलेले असते. हे मूळ शिक्षण फार महाग असते. मेटा कंपनीने २०२३ मध्ये लामा-२ हे मॉडेल काढले. त्याच्या सर्वांत लहान आवृत्तीत ७ अब्ज आकडे आहेत आणि तिच्या शिक्षणाला ए-१०० जातीच्या प्रोसेसरचे १,८४,३२० तास लागले. एकच प्रोसेसर रात्रंदिवस चालवला असता तर एकवीस वर्षे लागली असती. हा खर्च कोणतीही शाळा, ग्रामपंचायत किंवा महाविद्यालय करू शकत नाही, आणि करण्याची गरजही नाही. झालेले शिक्षण वापरून त्यात भर घालता येते. दहा वर्षे दुसरीकडे शिकवलेल्या शिक्षिकेची शेजारच्या जिवती तालुक्यात डोंगरातल्या शाळेत बदली झाली, तर तिला गणित नव्याने शिकावे लागत नाही. मुलांची बोली आणि गावाची रीत तेवढी शिकावी लागते. फाइन-ट्यूनिंगही इतकेच करते.

मात्र इथे एक हिशेब आडवा येतो. ७ अब्ज आकडे, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे मॉडेल नुसते उघडून ठेवायलाच १४ जीबी स्मृती लागते. सगळे आकडे बदलत शिकवायचे तर प्रत्येक आकड्यासोबत त्याची दुरुस्ती, तिचा मागचा इतिहास आणि एक अचूक प्रत सांभाळावी लागते. नेहमीच्या पद्धतीत हे आकड्यामागे सुमारे १६ बाइट होतात, म्हणजे ११२ जीबी. मोफत मिळणाऱ्या प्रोसेसरची स्मृती असते १६ जीबी. त्यामुळे काही वर्षांपूर्वीपर्यंत हे दार आपल्यासाठी बंदच होते.

ते दोन कल्पनांनी उघडले. पहिली २०२१ मधली, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांची, लोरा नावाची. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या बाजूला दोन अरुंद तक्ते जोडायचे आणि शिकवायचे ते फक्त या तक्त्यांना. ४,०९६ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेल्या एका तक्त्यात १,६७,७७,२१६ आकडे असतात. त्याच्या बाजूला १६ रुंदीचे दोन तक्ते जोडले तर शिकवायचे आकडे उरतात १,३१,०७२, म्हणजे मूळच्या एकशे अठ्ठाविसाव्या हिश्शाइतके. दुसरी कल्पना मे २०२३ मधली, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टिम डेटमर्स आणि सहकाऱ्यांची, क्यूलोरा नावाची. मूळ आकडे गोठवलेलेच राहणार असतील तर ते सोळाऐवजी चार बिटांत दाबून ठेवायचे. १४ जीबीचे मॉडेल मग साडेतीन जीबीत मावते आणि उरलेली जागा शिकवण्याला मोकळी होते. या दोन्हींचा मेळ घातल्यावर ७ अब्जांचे मॉडेल १६ जीबीच्या प्रोसेसरवर शिकवता येऊ लागले.

असा प्रोसेसर दोन ठिकाणी सहज मिळतो. गूगलच्या कोलॅबवर मोफत खात्यात बहुधा टी-४ हा १६ जीबीचा प्रोसेसर मिळतो. सत्र जास्तीत जास्त बारा तासांचे असते, मागणी वाढली की ते आधीही तुटते, आणि पान नुसते उघडे ठेवून काही केले नाही तरी बंद होते. कॅगलवर फोन नंबरची पडताळणी केली की आठवड्याला सुमारे ३० तास प्रोसेसर मिळतो. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसलेल्या गावासाठी कॅगलची एक सोय मोलाची आहे. काम जतन करून पूर्ण चालवायला सांगितले की ब्राउझर बंद झाला तरी ते तिकडे चालूच राहते. दुसरा दिलासा असा की काही जीबींचे मॉडेल थेट त्या दूरच्या संगणकावर उतरते, आपला डेटा पॅक त्यात खर्ची पडत नाही. आपल्याकडून जातात ती फक्त वाक्ये, आणि हजारो वाक्यांची फाइल एखाद्या छायाचित्राहून मोठी नसते.

टी-४ हा २०१८ सालचा प्रोसेसर आहे. नव्या प्रोसेसरांत असलेला बीफ्लोट-१६ हा संख्याप्रकार त्याच्या यंत्रणेत नाही. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या पुष्कळ नमुन्यांत मात्र तोच प्रकार ठरवून दिलेला असतो. नवशिक्याचे काम पहिल्याच पायरीवर अडते आणि दोष आपला आहे असे त्याला वाटते. तिथे एफपी-१६ निवडले की काम पुढे सरकते. मधूनमधून मॉडेलची स्थिती जतन करणे, आधी पन्नास वाक्यांवर सगळी साखळी चालवून पाहणे आणि मगच पूर्ण संच लावणे, या सवयी फुकटच्या यंत्रावर काम करणाऱ्याला लागायलाच हव्यात. त्यांची सविस्तर कृती तिसऱ्या प्रकरणात दिली आहे.

इथवरच्या अडचणी यंत्राच्या होत्या आणि त्या सुटण्यासारख्या आहेत. यापुढच्या अडचणी भाषेच्या आहेत. लामा-२ च्या निर्मात्यांनी शिक्षणासाठी वापरलेल्या मजकुराची भाषावार वाटणी छापली आहे. तीत इंग्रजीचा वाटा ८९.७ टक्के आहे. किमान ०.००५ टक्के वाटा असलेल्या भाषांच्या त्या तक्त्यात मराठी नाही आणि हिंदीसुद्धा नाही. याचा पहिला फटका शब्दांच्या तुकड्यांना बसतो. मॉडेल अक्षरे वाचत नाही, त्याच्या संग्रहातले तुकडे वाचते, आणि तुकडा सापडला नाही तर थेट बाइटवर उतरते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते. ‘कोरपना’ या चार अक्षरांत क, ओकार, र, प, न आणि काना अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. ज्या मॉडेलच्या संग्रहात मराठी तुकडे नाहीत, त्याला आपले एक वाक्य इंग्रजी वाक्याच्या कित्येक पट लांब दिसते. त्यामुळे स्मृती जास्त लागते, वेळ जास्त लागतो आणि समज उथळ राहते.

मराठी माणसांनी या अडचणीवर काम केले आहे. २०२४ मध्ये स्मॉलस्टेप या गटाने लामा-२ वर आधारलेले ‘मिसळ’ हे मराठी मॉडेल काढले. त्यांनी थेट फाइन-ट्यूनिंगला हात घातला नाही. आधी संग्रहात मराठी तुकडे घातले, मराठी मजकुरावर मूळ शिक्षण पुढे चालवले आणि त्यानंतरच प्रश्नोत्तरांवर फाइन-ट्यूनिंग केले. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मोठा वाटा उचलला. २०२२ मध्ये त्यांनी २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा महाकॉर्पस आणि त्यावर शिकवलेले महाबर्ट हे मॉडेल खुले केले. व्यक्ती, गाव, संस्था अशी नावे ओळखता यावीत म्हणून २५,००० वाक्यांवर हाताने खुणा केल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारची भारतीय भाषांसाठीची भाषिणी ही योजना सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले सर्वम-१ हे २ अब्जांचे मॉडेल तर मराठीसह दहा भारतीय भाषांसाठीच घडवलेले आहे. मराठीत काम करणाऱ्याने आज लामा-२ पासून सुरुवात करण्याचे कारण उरलेले नाही. मराठी आधीच शिकलेले लहान मॉडेल निवडणे हीच पहिली शहाणी पायरी.

गोंडीची वाट याहून खडतर आहे, आणि आपल्यासाठी तीच अधिक बोधप्रद आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते आणि कोलामी सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत, म्हणून २२ अनुसूचित भाषांसाठी झालेल्या कामांतून त्या आपोआप गळतात. मेटाचे २०२२ मधले एनएलएलबी हे मॉडेल दोनशे भाषांचे आहे. त्यात संथाळी आहे, गोंडी नाही.

या परिस्थितीत सीजीनेट स्वरा, मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि नया रायपूरची आयआयआयटी यांनी गोंडीवर केलेले काम प्रत्येक वाचकाने समजून घ्यावे. सुरुवात यंत्रापासून झाली नाही. वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे २०१४ पासून कार्यशाळांत एकत्र बसले. एकाच वस्तूला आदिलाबादेत, बस्तरात आणि गडचिरोलीत काय म्हणतात यावर त्यांनी चर्चा केली आणि २०१८ मध्ये सुमारे ३,००० शब्दांचा सामाईक शब्दकोश तयार झाला. मुलांच्या गोष्टी गोंडीत आल्या. फोनवरून गोंडी ऐकवणारे ॲप निघाले. हिंदी वाक्यांची गोंडी भाषांतरे समाजातल्या माणसांकडूनच करून घेतली गेली आणि भाषांतराचे मॉडेल त्या संचावर शिकवले गेले. या कामाचा पहिला वृत्तांत २०२० मध्ये आणि भाषांतराच्या मॉडेलचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन आणले. पहिल्या चार भाषांत गोंडी आहे, पण ती छत्तीसगडची गोंडी. तेलुगूच्या सहवासात वाढलेली कोरपना-जिवतीकडची गोंडी अजून बाहेरच आहे. आदि वाणीसारख्या साधनाला पूरक ठरेल असा आपल्या बाजूचा संच तयार करणे हे इथल्या लोकांचे काम आहे, आणि ते दिल्लीत बसून होण्यासारखे नाही.

लिपीचा प्रश्नही आधीच सोडवून घ्यावा लागतो. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि आदिलाबादच्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी २०१८ मध्ये. या लिप्यांचा मान राखायलाच हवा. त्यांचे एकेक चिन्ह मात्र चार बाइट घेते आणि बहुतेक मॉडेलांनी ती कधी पाहिलेलीही नाहीत. म्हणून शिक्षणासाठी देवनागरी वापरावी आणि निकाल हव्या त्या लिपीत उतरवावा असा मार्ग इथे सुचवला आहे. देवनागरीतही सावध राहावे लागते. ‘पऱ्हाटी’मधला ऱ हा एकच चिन्ह म्हणून टंकता येतो किंवा र खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. सगळा मजकूर आधी एका रूपात आणल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या पार्श्वभूमीवर पुस्तिकेत चार कामे चढत्या क्रमाने घेतली आहेत. पहिले, शेतकऱ्यांचे मराठी प्रश्न बोंडअळी, पीक विमा, सातबारा, वनहक्क दावा अशा विषयांत लावणे. महाबर्टएवढे लहान मॉडेल हे काम करते आणि टी-४ वर ते आरामात मावते. दुसरे, सरकारी परिपत्रकाची मराठी सोपी करणे. तिसरे, मराठी-गोंडी वाक्यांचे भाषांतर. चौथे कोलामीचे, आणि तिथे मी स्पष्ट सल्ला देतो की अजून मॉडेल करू नका, फक्त संग्रह करा. मॉडेलने जी भाषा पाहिलीच नाही, ती हजारभर वाक्यांच्या फाइन-ट्यूनिंगने येत नाही. ते कोलामीसारखे दिसणारे काहीतरी लिहील, आणि कोलामी न येणाऱ्या अधिकाऱ्याला ते खरे वाटेल. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी कोलाम एक आहेत. खोटी कोलामी पसरवण्यापेक्षा खऱ्या कोलामीची शंभर पाने जपणे हे मोठे काम आहे.

थोड्या वाक्यांत काय साधते याचे उत्तर २०२३ च्या लिमा या प्रयोगात सापडते. काळजीपूर्वक निवडलेल्या अवघ्या १,००० उदाहरणांनी एका मोठ्या मॉडेलला नीट उत्तरे देण्याची रीत शिकवली. रीत शिकवली, ज्ञान नव्हे. ते त्या मॉडेलमध्ये आधीच होते. हा फरक विसरला तर जीव जाऊ शकतात. २०१७ मध्ये पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. म्हणून फवारणीच्या औषधाचे प्रमाण फाइन-ट्यून केलेल्या मॉडेलकडून कधीही घेऊ नये. प्रश्न कोणत्या विषयाचा आहे ते त्याने ओळखावे आणि कृषी विद्यापीठाची छापील शिफारस जशीच्या तशी पुढे ठेवावी. त्यापलीकडचा अधिकार त्याला देऊ नये.

मजकूर कोणाचा, हा प्रश्न शेवटी येत असला तरी तो सर्वांत आधी विचारायचा आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३ मध्ये जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केलेला आहे. आजीने सांगितलेली वनौषधी, पूजेतले बोल, गोटुलातली गाणी ही कोणाच्याही खात्यावर चढवायची फुकटची सामग्री नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगाव इथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः ठरवून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. भाषेचा निर्णय गाव घेऊ शकते हे तिने दाखवून दिले. आपल्या संचाचा निर्णयही ग्रामसभेनेच घ्यावा. काय द्यायचे, काय राखून ठेवायचे, कोणत्या परवान्याखाली खुले करायचे, आणि सांगणाऱ्याला मोबदला व श्रेय कसे मिळेल, हे लेखी ठरवावे. नावे, आधार क्रमांक, आजारपणाच्या नोंदी, जमिनीचे वाद यांतले काहीही मोफत सेवेवर चढवू नये.

तपासणीचा नियमही गावातूनच यावा. जमवलेल्या वाक्यांतला एक हिस्सा पहिल्याच दिवशी बाजूला काढून कुलूपबंद करावा आणि मॉडेलला तो कधी दाखवू नये. काम झाले असे वाटले की त्याच वाक्यांवर परीक्षा घ्यावी, आणि निकाल आकड्यांवर सोडू नये. ती भाषा घरात बोलणाऱ्या किमान तीन माणसांनी, त्यांत एक वयस्क स्त्री असावी, प्रत्येक उत्तर वाचून किंवा ऐकून ‘आम्ही असे बोलतो’ किंवा ‘बोलत नाही’ हे सांगावे. त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

पुस्तिका हाती घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कोलॅबचे खाते आजच उघडू नका. आधी एक जाड वही घ्या, आपल्या गावातली भाषा जाणणारी माणसे गाठा, त्यांची परवानगी घ्या आणि रोजच्या व्यवहारातली वाक्ये तारीख, गाव आणि बोलणाऱ्याच्या संमतीसह उतरवायला लागा. तांत्रिक पद्धती दर सहा महिन्यांनी बदलतील, आज सांगितलेली मॉडेले जुनी होतील, मोफत तासांचे नियमही बदलतील. नीट जमवलेली आणि नीट तपासलेली पाच हजार वाक्ये पुढच्या प्रत्येक मॉडेलला उपयोगी पडतील. ती जमवण्याचे काम कोरपना, जिवती आणि राजुऱ्यातल्या माणसांशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही, म्हणून ते तुम्ही करावे.